जावयाचा चांगला पाय

हसू नका, मित्रांनो. कोपऱ्याचा टवका उडालाय, पाठीवरच्या लाल रंगाच्या पापड्या सुटल्यात, पण मी आरसाच आहे. माणसाएवढा उंच, लाकडी चौकटीचा, जुन्या घडणीचा. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. आत्ता तुम्ही शहाण्यासारखं तोंड करून ऐकताय, पण तिकडे मागे एक जण जांभई दाबतोय, ती मला दिसली.

हा स्वभाव मला जन्मापासूनचा. कारखान्यात मी आधी नुसती काच होतो. काचेला काही दिसत नसतं, सगळं आरपार निघून जातं. मग माझ्या पाठीला चांदीचं पाणी दिलं आणि खटकन माझे डोळे उघडले. समोर कोण, तर मला घडवणारा कारागीर. फार गंभीर माणूस, कारखान्यात सगळे त्याला वचकून असायचे. त्यानं इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही अशी खात्री करून घेतली, आणि माझ्यात बघून लांबलचक जीभ काढून दाखवली. तेव्हाच मला कळलं, माणूस चार लोकांत एक असतो आणि एकटा असताना दुसरा. तेव्हापासून मी दोन्ही बघून ठेवतो.

तिथून मी गेलो दादाच्या सलूनमध्ये. दादा म्हणजे केस कापणारा. सगळी गल्ली त्याला दादाच म्हणायची. मित्रांनो, सलूनच्या खुर्चीत बसलेला माणूस जेवढं खोटं बोलतो तेवढं जगात कुठे बोलत नसेल. एक गृहस्थ दर रविवारी केस कापायला यायचे. डोक्यावर केस औषधालासुद्धा नव्हता. दादा त्यांच्या कानांभोवती हवेत कात्री वाजवायचा, मानेवर पावडर मारायचा, मागे छोटा आरसा धरायचा आणि विचारायचा, "जास्त बारीक नाही ना झाले?" ते मान इकडे-तिकडे वळवून बघायचे आणि म्हणायचे, "डावीकडे थोडे राहिलेत." दादा डावीकडे पुन्हा हवा कापायचा. दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

दुसरे एक मिशीवाले होते. ते माझ्यापुढून हलायचेच नाहीत. एकदा तर ते घरी गेले आणि त्यांचं प्रतिबिंब मिशी विंचरत तसंच मागे राहिलं. शेवटी दादानं त्याला सांगितलं, "चला साहेब, दुकान बंद करायचंय." तेव्हा गेलं. खोटं वाटत असेल तर दादाला विचारा. तो नाहीच म्हणेल, कारण तोही सलूनवालाच.

माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला तो गाण्याच्या मास्तरांच्या शिंकेनं. वरच्या पट्टीत शिंकले. पुढे दादानं कडेनं दिवे लावलेले नवे आरसे आणले आणि मला सलूनच्या माळ्यावर टाकलं, तेही भिंतीकडे तोंड करून. ज्यानं आयुष्यभर चेहरे बघितले त्याला भिंत बघायला लावणं हा काय न्याय झाला? पण कान होते. खालचं सगळं ऐकू यायचं.

एक दिवस खाली कात्री चालता चालता थांबली. दारातून ताईचा आवाज आला. "दादा, जावई गटारात गेले."

एरवी या वाक्यावर सगळं सलून हसलं असतं. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आता हे जावई कोण, ते सांगतो. ताई म्हणजे दादाची धाकटी बहीण. दादा तिला चिमणी म्हणतो. ही चिमणी सोड्याच्या बाटल्यांच्या दोन पेट्या दोन काखांत मारून जिना चढते. सोड्याच्या कारखान्यातून दुकानोदुकानी माल पोचवायचा तिचा धंदा, आणि तिची गाडी ओढायचा एक तपकिरी घोडा. त्याचंच नाव जावई. का, तर त्याचं सगळं वागणंच तसं. समोर चारा ठेवला तर लगेच तोंड लावायचा नाही. दोनदा-तीनदा आग्रह झाला की मग उपकार केल्यासारखा खायचा. दुसऱ्याच्या बादलीत पाणी दिलं की रुसायचा. निघताना कुणीतरी दारात येऊन निरोप दिला नाही तर गाडी हलायची नाही. ताईचं काही लग्न झालेलं नाही, त्यामुळे शेजारणी म्हणायच्या, "हिच्या घरात मुलगी नाही, पण जावई आहे!" ताई म्हणायची, "तुमच्या जावयांपेक्षा बरा. निदान ओझं तरी ओढतो."

आणि ऐट केवढी! मी सलूनमध्ये असताना बाहेर गाडी थांबली की तो दारातून मान घालून माझ्यात बघायचा. चार लोक बघत असले की मान आणखी ताठ, छाती आणखी पुढे. एकदा पायात खिळा गेला होता तरी गल्लीच्या टोकापर्यंत ऐटीत गेला, आणि कोपरा वळल्यावर, कुणी नाही असं बघून, मगच लंगडला. हे ताईनंच हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा सगळे हसले होते.

तर त्या दिवशी उताराच्या गल्लीत फरशी ओली होती. गटारावरचं झाकण हललं आणि त्याचा पुढचा पाय आत गेला. मागून भरलेली गाडी. दुसरा घोडा असता तर कोसळला असता. यानं चांगल्या पायावर सगळी गाडी तोलून धरली. ताई सांगते एकही बाटली फुटली नाही. माझं म्हणणं, एक बाटली फुटायला आली होती, पण जावयानं वळून बघितलं म्हणून थांबली.

मग दादा शिडी लावून माळ्यावर आला आणि मला उचललं. मला लगेच वास आला, काहीतरी काळंबेरं आहे. इतकी वर्षं अडगळीत टाकलेल्याला कुणी उगीच उचलत नाही. त्यानं मला पाठीला बांधलं आणि भर रस्त्यानं चालत निघाला. मागून येणारा प्रत्येक जण माझ्यात बघत चालायला लागला. कुणी केस नीट करतंय, कुणी पोट आत घेतंय. कुणाला आपलं प्रतिबिंब सोडवेना. तबेल्यापर्यंत पोचलो तेव्हा दादाच्या मागे अख्खी मिरवणूक लागलेली, आणि दादाला पत्ताच नाही.

तबेल्यात एक सुतार उभा. त्यानं माझं माप घेतलं, मग दाराचं घेतलं, मग घोड्याचंसुद्धा घेतलं.  घोड्याचं माप कशाला? दाराचं कशाला? यांना तो आडवा करून बाहेर न्यायचाय, दुसरं काय! मी त्या सुताराकडे अशी नजर लावली की त्याचे दोन खिळे वाकडे गेले.

नंतर कळलं, त्याला दारातून तुळई आत आणून वर बसवायची होती. घोड्याच्या पोटाखालून जाड पट्टे घालून त्याचा थोडा भार वर टांगायची वेळ आलीच, तर तयारी असावी म्हणून. आणि मला टांगलं समोरच्या भिंतीवर, जमिनीलगत, जावयाच्या अगदी पुढ्यात. त्याच्या जागेला दार नव्हतं, नुसता आडवा वासा होता, त्यामुळे कानापासून खुरापर्यंत तो मला सगळा दिसायचा.

ही कल्पना डॉक्टरबाईंची. जनावरांच्या डॉक्टर. उंच, कमी बोलणाऱ्या, हात सदा बाह्यांपर्यंत ओले. त्या म्हणाल्या, "घोडा एकटा पडला की मन सोडतो. आरसा लावा. त्याला वाटेल, सोबतीला कुणीतरी आहे."

मग त्यांनी दादा आणि ताईला समोर उभं करून सांगितलं, "हाडाला चीर आहे. तुटलेलं नाही म्हणून आज आपण बोलतोय. प्लास्टरमध्ये दुखरा पाय जुळेल कदाचित. मला भीती चांगल्या पायाची आहे."

"चांगल्या?" दादा म्हणाला.

"आता सगळा भार त्याच्यावर. भार सोसेना की खुराच्या आत सूज येते. माणसासारखं घोड्याला एका पायावर वर्ष काढता येत नाही. दोन्ही पुढचे पाय गेले तर घोडा उभा राहत नाही, आणि मग माझ्या हातात एकच गोष्ट उरते. चांगला पाय उचलतोय, सारखा हलवतोय, खूर गरम लागतोय, असं दिसलं की तेव्हाच्या तेव्हा मला बोलवा."

"पण बरा होईल ना?" ताईनं विचारलं.

"बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मित्रांनो, सलूनमध्ये मी हा शब्द फार ऐकलाय. "पुढच्या वेळी मिशी काढू का?" "बघू." म्हणजे नाही. मी त्याच वेळी ठरवलं, या बाईंवर नजर ठेवायची. त्यात त्यांनी प्लास्टर घातलं उजव्या पायाला आणि मला दिसलं डाव्या पायाला! चुकीच्या पायाला प्लास्टर! मी दोन दिवस नुसता धुमसत होतो. मग आठवलं, की डावं-उजवं ही माझीच जुनी अडचण आहे. तरीपण नजर काही हटवली नाही.

जावयाला मात्र संशय माझा. पहिल्या दिवशी त्यानं कान मागे पाडले, दात दाखवले. समोर दुसरा घोडा, तोही तपकिरी, तोही ऐटबाज, आणि आपल्याच चाऱ्याकडे बघतोय! मग हळूच त्यानं त्या घोड्याचा पाय बघितला. त्यालाही प्लास्टर. कान पुढे आले. संध्याकाळपर्यंत त्यानं वाशावरून मान लांब काढून माझ्यावर नाक टेकवलं. दुसऱ्या दिवशी तर तोंडातला चारा माझ्या काचेवर नेऊन चिकटवला. पाहुण्याला आग्रह! मी काही खाल्लं नाही, तर रुसला.

असे दिवस जायला लागले. ताई तबेल्यातच राहायला लागली म्हणा ना. सकाळी हातगाडीवर पेट्या ढकलत पोचवायची आणि दुपारपासून इथे. खरारा करायची, कुशीवरून हात फिरवायची, खाली बसून चांगला पाय निरखायची. "पाय टेक बघू, राजा. नीट टेक." आणि तो टेकायचा. अगदी ताठ, शिपायासारखा. कान पुढे, मान वर. डॉक्टरबाई आल्या की आणखी ताठ. त्या खुरावर हात ठेवायच्या, चालत मागे-पुढे व्हायच्या, म्हणायच्या, "उभा तर छान राहतोय."

आणि ताई बाहेर गेली, दाराची कडी वाजली, की काय व्हायचं माहितीय? तो आधी कान वळवून ऐकायचा. पावलं लांब गेली का? मग माझ्यातल्या घोड्याकडे बघायचा. आणि हळूहळू चांगला पाय उचलायचा. प्लास्टरच्या दुखऱ्या पायावर भार टाकून चांगला पाय हवेत! अंग थरथरायचं, मानेवर घाम यायचा. मग खाली. मग पुन्हा वर. पहिल्यांदा क्षणभर. पुढे पुढे बराच वेळ. माझ्यातला घोडाही तसंच करायचा, आणि तेवढंच त्याला समाधान वाटत असावं. सगळ्या जगात त्या एकालाच त्यानं आपलं दुखणं दाखवलं होतं.

कडी पुन्हा वाजली की चारी पाय जमिनीवर. शहाणा जावई!

सांगायचं कसं? मी आरसा. समोर येईल ते दाखवतो, आणि माझ्यासमोर कोण येणार? तबेल्यात केस विंचरायला कोण येतं? त्यात जावयाच्या नाकानं माझी काच लोणी फासल्यासारखी केलेली. वर भुसा. मला स्वतःलाच धड दिसेना. मी आतून ओरडायचो. ओरडून ओरडून दुसऱ्या कोपऱ्यालाही बारीक तडा गेला. लोक म्हणतात तो थंडीनं गेला.

इकडे माणसंही एकमेकांवर संशय घ्यायला लागली. एका दुपारी अंगणात दादा डॉक्टरबाईंशी खालच्या आवाजात बोलत होता. ताई पेंढा घेऊन आली आणि भिंतीआड थबकली. मलाही ऐकू आलं. दादा म्हणत होता, "बाई, त्याला फार त्रास होत असेल, तर... म्हणजे सुई देऊन... झोपेतच..."

पेंढा खाली पडला. "माझ्या घोड्याचं मरण तू ठरवणार?"

"अगं चिमणे, मी नुसतं विचारलं."

"विचारलंस म्हणजे मनात आलं."

"मनात तुझ्याही येत असेल!"

"माझ्या मनातलं तुला काय माहीत? तू गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचं बघत जा, आतलं बघू नकोस!"

त्यानंतर ताई त्याच्याशी बोलेना. तो डबा घेऊन यायचा, ती डबा घ्यायची, तोंड भिंतीकडे. तिला वाटायचं, दादा आणि डॉक्टरबाई मिळून काहीतरी लपवतायत. दादाला वाटायचं, घोडा खात नाही आणि ही खातो म्हणून सांगतेय. डॉक्टरबाईंना वाटायचं, ही रागाच्या भरात घोड्याला बाहेर काढून चालवेल. मला सगळ्यांचाच संशय. एकट्या जावयाचा कुणालाही संशय नव्हता, आणि लपवत तर तोच होता!

मग ठरलं, उद्या प्लास्टर काढायचं. डॉक्टरबाई सांगून गेल्या, "उद्या काढू, आणि अंगणात चार पावलं चालवून बघू. इतका छान उभा राहतोय, चालेल." ताईच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ऊन पडलं. मला मात्र एकच शब्द ऐकू आला. चालवणार! त्या आतून पेटलेल्या पायावर सगळं अंग घालून, फरशीवर! जे काय उरलंय तेही जाणार, आणि मग डॉक्टरबाईंच्या हातात ती एकच गोष्ट उरणार.

दुपारी दादा आला. हातात डबा नव्हता, कात्रीची पेटी होती.

"बस," तो म्हणाला.

ताई खरारा करत राहिली.

"चिमणे, केसांत गवत आहे तुझ्या. एखाद्या दिवशी घोडा डोकं खाईल तुझं."

"खाऊ दे. त्याला भूक लागली असं तरी होईल."

बोलली! दादानं ती संधी सोडली नाही. "उद्या जावई बाहेर पडणार. सगळी गल्ली बघायला येणार. जावयांना निरोप द्यायला तू अशी झाडूसारखी उभी राहणार? बस गुपचूप."

त्यानं बादली पालथी घातली, माझ्यापुढे ठेवली, आणि ताईला तिच्यावर बसवलं. तोंड माझ्याकडे, पाठ जावयाकडे. अंगाभोवती पांढरी चादर गुंडाळली. मग त्याची नजर माझ्यावर गेली. मित्रांनो, घाणेरडा आरसा बघून सलूनवाल्याचा हात गप्प राहूच शकत नाही. तो पुटपुटला, "श्शी, काय दशा करून ठेवलीय याची!" खिशातून वर्तमानपत्राचा तुकडा काढला, माझ्यावर फूं करून वाफ सोडली आणि घासघासून पुसलं. अहाहा! किती दिवसांनी! मला एकदम सगळं लख्ख दिसायला लागलं. आणि माझ्यात बघणाऱ्यालाही.

कात्री चालू झाली.  मग दादा तिच्या मागच्या केसांकडे बघत म्हणाला, "मी विचारलं, कारण मला भीती वाटली. तू एकटी असताना काही झालं तर. बस, एवढंच."

"मला माहीत होतं," ताई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"राग होता. तो संपल्यावर बोलायचं ठरवलं होतं."

"मग संपला?"

"अर्धा."

"बरं, अर्धे केस कापतो मग."

ती हसली. त्या तबेल्यात किती दिवसांनी कुणी हसलं! आणि मागे जावयाला काय वाटलं कुणास ठाऊक. आपली ताई तर दिसत नाही, एक पांढरी चादर दिसतेय, पाठमोरी. कुणी बघत नाहीये. त्यानं कान वळवला. माझ्यातल्या घोड्याकडे बघितलं. आणि चांगला पाय उचलला.

मी सगळं बळ लावून चमकलो. अगदी खिडकीतलं ऊन ओढून घेतलं आणि त्या पायावर टाकलं. हे शास्त्रात बसतं की नाही मला विचारू नका.

ताईचं हसू ओठावरच राहिलं. "दादा, कात्री थांबव."

"का? टोचली?"

"हलू नकोस. बोलू नकोस. मागे वळू नकोस. आरशात बघ. जावई."

दादानं माझ्यात बघितलं. चांगला पाय हवेत होता. थरथरत होता. खाली टेकला, लगेच परत वर. मानेवर घामाचे ओघळ.

ताई सावकाश मागे वळली. खाली! चारी पाय जमिनीवर, कान पुढे, छाती पुढे, जणू काही झालंच नाही.

ती परत माझ्याकडे वळली. वाट बघत राहिली. पाय वर.

"अरे देवा," ती म्हणाली. "हा मला फसवतोय. रोज फसवतोय. मी बघते म्हणून टेकवतोय." आणि उठली ती चादरीसकट धावत सुटली. डोक्याच्या एका बाजूचे केस खांद्यापर्यंत, दुसऱ्या बाजूचे कानाच्या वर. अर्ध्या बाजूनं बाई, अर्ध्या बाजूनं शिपाई, आणि मागे पांढरी चादर उडतेय. रस्त्यातल्या लोकांना काय वाटलं असेल ते असो. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात त्या वेळी एक पोपट पंख मोडून आला होता. म्हणतात की ताईला बघून तो स्वतःहून उडून गेला.

डॉक्टरबाई आल्या. तिच्या केसांकडे बघून एक शब्दही बोलल्या नाहीत. ताईनं त्यांना घोड्याकडे जाऊ दिलंच नाही. "इथे बसा. त्याच्याकडे पाठ करून. आरशात बघा." त्या मुकाट्यानं बादलीवर बसल्या. बराच वेळ बघितलं. मग उठल्या, जावयाच्या चांगल्या पायाशी बसल्या, खुरावर हात ठेवला, वरची शीर दाबून धरली. या वेळी घाईनं नाही. हात तसाच ठेवून बसून राहिल्या.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "किंचित. आणि शीर उडतेय. मला बघितलं की हा परेड करतो, आणि मी परेडच बघून जात होते." मग थोडं थांबून, "उद्या मी याला चालवला असता."



"वेळ आहे का अजून?" दादानं विचारलं.

"असेल. शब्द देत नाही."

मग जी धावपळ उडाली! सोड्याच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आल्या. चांगला पाय बर्फाच्या पाण्याच्या बादलीत. सुतारानं तुळईवरून पट्टे सोडले आणि जावयाचा भार थोडा वर टांगला. नालवाल्यानं येऊन खुराखाली मऊ जाड तळवा बसवला. जमिनीवर वाळूचा हातभर थर. जावयाला हे काही पसंत नव्हतं. बर्फाच्या बादलीत पाय घालताना त्यानं असं तोंड केलं, जणू सासरी पहिल्यांदाच पाणचट चहा मिळालाय. ताई म्हणाली, "रुसा. खुशाल रुसा. पण आता तुमच्या तोंडावर विश्वास ठेवायची नाही मी."

आणि ठेवला नाही. रोज दुपारी ती माझ्यापुढे बादलीवर बसायची, त्याच्याकडे पाठ करून. मांडीवर गाडीचे चामडी पट्टे घेऊन शिवत, नजर माझ्यात. आधी मला पुसायची, मग बसायची. किती वेळा उचलतो, किती वेळ धरतो, सगळं तिच्या लक्षात. कधी बरं दिसायचं, कधी पुन्हा बिघडायचं. एका आठवड्यात तर इतकं बिघडलं की डॉक्टरबाई तिन्हीसांजेला येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, आणि दादा काही न विचारता ताईशेजारी जमिनीवर बसून राहिला. त्यानं तिचे उरलेले केस तेव्हाच कापले. नजर सारखी घोड्याकडे होती, त्यामुळे दुसरी बाजूही जमली नाही.

मग एक दुपार आली. ती मी विसरणार नाही.

ताई शिवत होती. जावयानं कान वळवला, ऐकलं, आणि पाय उचलला. ताईनं नजर वर केली. त्यानंही, माझ्यातल्या घोड्याकडे बघायला म्हणून, नजर वर केली. आणि माझ्यामध्ये, बरोबर मधोमध, त्या दोघांची नजर भेटली.

त्याला कळलं. मित्रांनो, शपथेवर सांगतो, त्याला कळलं की ही बघतेय. कान मागे गेले. अंग ताठ झालं. आता टेकवणार, मला वाटलं. तो पाय त्यानं जमिनीपर्यंत आणला... आणि परत उचलला. तसाच धरला. तिच्याकडे बघत. मान हळूहळू खाली आली, इतकी खाली की नाक वाळूला लागलं. तोंडातून एक लांब कण्हणं निघालं. इतक्या दिवसांचं साठवलेलं असावं.

ताई उठली नाही. वळली नाही. तिचे डोळे गळत होते, पण माझ्यातूनच ती त्याला म्हणाली, "दुखतंय ना रे? दुखू दे. मी आहे. दिसू दे मला."

संध्याकाळी डॉक्टरबाईंना विचारून दादानं वरचे पट्टे सैल केले, आणि जावई वाळूत आडवा झाला. दुखापत झाल्यापासून पहिल्यांदा. ताईसमोर, दादासमोर, डॉक्टरबाईंसमोर, चक्क चारी पाय पसरून. ऐट नाही की काही नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "झोपू द्या. हेच हवं होतं." आणि जावई घोरायला लागले. असे घोरले की मी खिळ्यावर हलत होतो.

पुढे प्लास्टर निघालं. हाड जुळलंय. चांगला पाय अजून पूर्ण चांगला नाही. काही दिवस तो अंगणापर्यंत जातो, काही दिवस वाशापाशी उभा राहून नुसता बाहेर बघतो. गाडी ओढेल का? डॉक्टरबाईंना विचारलं की त्या सरळ म्हणतात, "माहीत नाही." हे मला त्यांच्या पहिल्या "बघू"पेक्षा बरं वाटतं. तरी माझी नजर आहेच त्यांच्यावर. ताई हातगाडी ढकलते, आणि निघताना त्याला निरोप द्यायला विसरत नाही. तो लंगडत वाशापर्यंत येतो. चार लोक बघत असतात. तरी लंगडतो.

मित्रांनो, शेवटी काहीतरी शिकवण द्यावी अशी तुमची अपेक्षा असणार. मी संशयी आहे, माझी शिकवणही तशीच. तुमच्या घरातही असेल कुणीतरी, विचारलं की "मला काय झालंय? ठणठणीत आहे" म्हणणारं. त्यांच्याशी वाद घालू नका. हो म्हणा, त्यांच्याकडे पाठ करा, आणि मग हळूच एकदा बघा. रोज बघा. ज्यातून बघायचं ती काच पुसून ठेवा, आणि माझ्यासारख्या जुन्या आरशाला भिंतीकडे तोंड करून ठेवू नका.

आणि ते लपवणारं कुणीतरी तुम्ही स्वतःच असाल, तर एवढंच करा. कधी कुणाची नजर भेटली, तर उचललेला पाय घाईनं खाली टेकवू नका.